खिशात शिरलेली जाहिरात

१८६४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. लंडनमधील काही राजकारणी मंडळींच्या घराचे दार उशिरा संध्याकाळी वाजले. दारात तारवाला उभा होता. त्या काळी अवेळी तार येणे म्हणजे काहीतरी विपरीत घडल्याची खूण. घाईघाईने पाकीट फोडून पाहावे तो आत एका दंतवैद्याच्या दवाखान्याची सूचना! ऑक्टोबरपर्यंत आम्ही रोज दहा ते पाच या वेळात उपलब्ध आहोत, एवढाच मजकूर. ज्यांना ही तार मिळाली त्यांच्यापैकी एकाने चिडून 'टाइम्स'च्या संपादकांना पत्र लिहिले. या दंतवैद्यांशी माझा काडीचाही संबंध नाही, मग मला त्रास देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, असा त्या पत्राचा एकूण सूर होता.

तारेची ही धास्ती आपल्याकडेही चांगली परिचयाची होती. माझ्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या दशकात, आमच्या आळीत 'तार आली' हे दोन शब्द ऐकू आले की बायका हातातले काम टाकून ओट्यावर येत. तार उघडण्याआधीच कोणी तरी डोळ्यांना पदर लावलेला असे. पुढे ती परीक्षेत पास झाल्याची निघाली तरी छातीतली धडधड काही वेळ थांबत नसे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण अवेळी वाजणाऱ्या यंत्राची धास्ती काही गेली नाही. ती आता आपल्या खिशात आहे.

काही वर्षांपूर्वी माझे वडील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होते. नातेवाइकांनी बाहेर थांबायचे आणि फोन जवळ ठेवायचा, अशी तिथली पद्धत. त्या चार रात्रींत फोन वाजला की मी ताडकन उभा राहत असे. त्यातले निम्म्याहून अधिक फोन कर्ज हवे आहे का, असे विचारणारे होते. विचारणारी मुलगी अतिशय नम्रपणे बोलत होती. तिच्यावर रागावून काही उपयोग नव्हता आणि तरीही मी रागावलो. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे. जाहिराती काही आजच्या नाहीत. वर्तमानपत्रात त्या आहेत, एसटीच्या पाठीवर आहेत, जत्रेत भोंग्यावर आहेत. त्यांचा आपल्याला असा संताप येत नाही. मग मोबाइलवरच्या जाहिरातीतच असे काय आहे? याचे उत्तर मला मानसशास्त्रापेक्षा तंत्रज्ञानाच्या इतिहासात अधिक सापडले.

एकशे चाळीस बाइटांची चिठ्ठी

मोबाइलवरील जाहिरातीची सुरुवात लघुसंदेशापासून, म्हणजे एसएमएसपासून होते. म्हणून आधी एसएमएस म्हणजे काय ते पाहू. मोबाइल दूरध्वनीच्या जाळ्यात आपले बोलणे एका वाटेने जाते आणि 'अमुक क्रमांकाला अमुक फोन लावायचा आहे' यासारखे यंत्रांचे आपापसातले निरोप दुसऱ्या वाटेने जातात. ही दुसरी वाट बराच वेळ मोकळी असते. तिच्यावरून लोकांच्या छोट्या चिठ्ठ्या पाठवता येतील, ही कल्पना १९८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी मांडली. वाट अरुंद असल्याने चिठ्ठीला १४० बाइटांपेक्षा अधिक जागा देता येत नव्हती. पण साध्या रोमन अक्षरासाठी ७ बिट पुरतात. वर्गात हे गणित फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे : १४० गुणिले ८ म्हणजे ११२० बिट, भागिले ७ म्हणजे १६० अक्षरे. हिलेब्रांडने टंकलेखनयंत्रावर मनाला येतील ती वाक्ये टंकून अक्षरे मोजली होती, आणि बहुतेक वाक्ये १६० च्या आतच बसत होती, असे सांगतात. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने पहिला लघुसंदेश पाठवला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता.

मराठी वाचकांनी येथे थोडे थांबायला हवे. देवनागरी अक्षरासाठी ७ बिट पुरत नाहीत, १६ लागतात. तेव्हा ११२० भागिले १६ म्हणजे अवघी ७० अक्षरे! शिवाय यंत्र मोजते ती अक्षरे आपली नव्हेत. 'विज्ञान' हा शब्द आपल्या लेखी तीन अक्षरांचा. यंत्र मात्र व, वेलांटी, ज, हलन्तचिन्ह, ञ, काना आणि न अशी सात चिन्हे मोजते. म्हणजे मराठीतून पाठवलेली जाहिरात एका संदेशात मावणार नाही आणि पाठवणाऱ्याला दुप्पट, कधी तिप्पट खर्च येणार. त्यात जुन्या हँडसेटवर देवनागरीऐवजी चौकटी उमटत, ते वेगळेच. सुरुवातीच्या काळात आपल्याला आलेल्या जाहिराती इंग्रजीत किंवा रोमन लिपीतल्या मोडक्या मराठीत का होत्या, याचे बरेचसे उत्तर या भागाकारात आहे. त्यामागे भाषेविषयीची अनास्था होतीच, पण केवळ अनास्था नव्हती.

पहिली मोबाइल जाहिरात म्हणून सर्वसाधारणपणे फिनलंडचे नाव घेतले जाते. तिथे २००० साली एका वृत्तसेवेने ठळक बातम्या एसएमएसने मोफत पाठवण्यास सुरुवात केली. सोबत प्रायोजकाची एक ओळ असे. वर्तमानपत्राचाच जुना सौदा हा : जाहिरात पाहा, बातमी स्वस्तात घ्या. यात ग्राहकाने तक्रार करावी असे फारसे काही नव्हते. बातमी त्याने स्वतः मागितली होती.

जपानची गोष्ट निराळी. तिथे एनटीटी डोकोमो या कंपनीने फेब्रुवारी १९९९ मध्ये 'आय-मोड' नावाची सेवा आणली. मोबाइलवर इंटरनेट आणि ई-पत्रे देणारी ही जगातील पहिली यशस्वी सेवा. कंपनीने २००० साली देन्त्सू या बड्या जाहिरात संस्थेला बरोबर घेऊन मोबाइल जाहिरातींसाठी स्वतंत्र कंपनीच काढली. पण एक चूक झाली होती. ग्राहकाचा ई-पत्ता आपोआप त्याच्या फोन क्रमांकावरूनच बनत असे. क्रमांक ओळीने लिहीत गेले की पत्ते तयार! त्यासाठी कोणाची यादी चोरावी लागत नव्हती. संगणकाला एकापुढे एक आकडे मोजता आले की पुरे. अशा रीतीने जाहिरातींचा पूर लोटला. त्यात आय-मोडचा आकार संदेश घेणाऱ्याकडून, पॅकेटच्या हिशोबाने वसूल होत असे. न मागितलेल्या जाहिरातीचे टपालखर्चही आपणच भरायचे! लोक भडकले नसते तरच नवल. पत्त्याची पद्धत बदलावी लागली आणि २००२ साली जपानने अशा संदेशांसाठी कायदा केला. संमतीवाचून पाठवलेल्या जाहिरातीच्या विषयातच तसे ठरावीक शब्दांत लिहिण्याची सक्ती त्यात होती.

दंतवैद्याच्या तारेचा खर्च निदान दंतवैद्याने केला होता.

मिस्ड कॉलचा देश

भारतात मोबाइल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली. आरंभी येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. २००३ साली ते बंद झाले आणि फोन करणारानेच पैसे द्यायचे असे ठरले. या बदलाचे दोन परिणाम झाले आणि दोन्ही जाहिरातीशी निगडित आहेत.

पहिला परिणाम सर्वांना ठाऊक आहे. फोन घेणे फुकट झाल्यावर मोबाइल झपाट्याने पसरला, आणि त्याच्या मागोमाग बँका, विमा कंपन्या, क्रेडिट कार्डवाले यांचे फोन सुरू झाले. हा उपद्रव इतका वाढला की सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००७ साली 'फोन नको' असे म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही उघडली. ती फार परिणामकारक ठरली नाही. २०१० साली नवे नियम झाले आणि सप्टेंबर २०११ पासून ते लागू झाले. १९०९ या क्रमांकावर आपली नापसंती कळवायची. बँक, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य अशा सात वर्गांपैकी कोणत्या जाहिराती चालतील तेही सांगता येई. जाहिरातदारांच्या फोनचा क्रमांक १४० ने सुरू व्हायचा. रात्री नऊ ते सकाळी नऊ कोणी फोन करायचा नाही. एका सिमकार्डावरून दिवसाला शंभरच संदेश पाठवता येतील, असाही नियम झाला. नंतर ही मर्यादा दोनशे केली गेली. मैत्रिणींना दिवसभर संदेश पाठवणाऱ्या महाविद्यालयीन मुलामुलींना त्याचा फटका बसला, हे त्या पिढीतील वाचकांना आठवत असेल.

दुसरा परिणाम अधिक मजेदार आहे. फोन उचलला तरच पैसे पडतात, वाजला तर पडत नाहीत. मग नुसता वाजवून तोडला तर? 'घरी पोचलो की मिस्ड कॉल देतो' या वाक्यात आपण फुकटातला एक बिट पाठवत होतो. माहितीशास्त्राच्या दृष्टीने हे अगदी शुद्ध उदाहरण आहे : फोन वाजला म्हणजे १, नाही वाजला म्हणजे ०. दूधवाल्याला एक मिस्ड कॉल म्हणजे एक लिटर आणि दोन म्हणजे दोन लिटर, अशी सांकेतिक भाषाही घरोघरी तयार झाली. २०११ साली राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात लोकांकडे पाठिंबा मागितला गेला तोही मिस्ड कॉलनेच.

जाहिरातदारांनी हे हेरले नसते तरच आश्चर्य. २०१० साली बंगलोरमध्ये 'झिपडायल' नावाची कंपनी निघाली. जाहिरातीत छापलेल्या क्रमांकाला मिस्ड कॉल द्या, आम्ही उलट फोन करू, हा तिचा धंदा. जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने ती विकत घेतली. पण माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका प्रयोग हिंदुस्तान युनिलिव्हरचा. बिहार आणि झारखंडच्या ज्या भागांत वीज जेमतेम असते आणि त्यामुळे दूरदर्शन संचही बंदच असतो, तिथे साबणाची जाहिरात करायची कशी? २०१३ साली कंपनीने 'कानखजूरा टेसन' सुरू केले. कानखजूरा म्हणजे आपली गोम, आणि टेसन म्हणजे स्टेशन! दिलेल्या क्रमांकाला मिस्ड कॉल द्यायचा. उलट फोन येई आणि पंधरा मिनिटे गाणी, विनोद, गप्पा ऐकायला मिळत, अधूनमधून कंपनीच्या मालाच्या जाहिरातींसह. लाखो लोकांनी असे फोन केले. २०१४ साली कान येथील आंतरराष्ट्रीय जाहिरात महोत्सवात या प्रयोगाला सुवर्णपदके मिळाली.

हे आणि १४० वाले फोन एकाच देशात आणि एकाच काळात चालू होते, हे ध्यानात घ्यावे. जाहिरात तीच, यंत्र तेच. एकीवर लोक १९०९ ला तक्रार करत होते आणि दुसरीला स्वतःहून बोलावत होते. फरक एवढाच की दुसऱ्या प्रकारात पहिली घंटी ग्राहकाने वाजवलेली होती. खर्च कंपनीचा होता आणि कंटाळा आला की फोन ठेवून देता येत होता. 'ग्राहकांना जाहिराती आवडत नाहीत' असे सरसकट विधान करणाऱ्यांनी बिहारमधल्या त्या श्रोत्यांकडे पाहावे. अर्थात, त्यांचे फोन क्रमांक कंपनीकडे जमा होत होते, हेही विसरून चालणार नाही.

लिलाव

आता मोठ्या कंपन्यांकडे वळू. २००७ साली आयफोन आला, पुढच्या वर्षी ॲप विकणारे दुकान उघडले आणि मोबाइल हा बोलण्याच्या यंत्राऐवजी पाहण्याचे यंत्र झाला. फोनच्या पडद्यावरची जागा विकणारा दलाल आता हवा होता. ओमर हमुई या तरुणाने अमेरिकेत व्यवस्थापनशास्त्र शिकत असतानाच २००६ साली 'ॲडमॉब' ही कंपनी काढली होती. गूगलने नोव्हेंबर २००९ मध्ये ती ७५ कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. ॲपललाही ती हवी होती. ती हातची गेल्यावर ॲपलने जानेवारी २०१० मध्ये 'क्वाट्रो वायरलेस' घेतली आणि जुलैत 'आयॲड' सुरू केले. गूगलची मक्तेदारी होईल म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने चौकशी आरंभली होती. ॲपलही मैदानात उतरले आहे, हे कारण देऊन मे २०१० मध्ये ती मिटवण्यात आली! आयॲडवर जाहिरात करायची तर सुरुवातीला किमान दहा लाख डॉलर मोजावे लागत. मोबाइलवरच्या बहुतेक जाहिराती टाकाऊ आहेत, आम्ही सुंदर जाहिराती दाखवू, अशी स्टीव्ह जॉब्ज यांची भूमिका होती. जाहिरातदारांना सौंदर्यापेक्षा ग्राहकाची माहिती हवी होती. ती ॲपल हात राखून देत असे. ३० जून २०१६ रोजी आयॲड बंद पडले.

फेसबुकची कथा याच्या उलट. फेब्रुवारी २०१२ मध्ये भागविक्रीसाठी दिलेल्या कागदपत्रांत मोबाइलवरून आपल्याला म्हणण्यासारखे उत्पन्न नाही, अशी कबुली या कंपनीने दिली होती. मे महिन्यात ३८ डॉलरना विकलेला भाग सप्टेंबरात १८ डॉलरच्याही खाली गेला होता. मग मित्रांच्या बातम्यांच्या रांगेतच जाहिराती घुसवण्यात आल्या. त्या वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत जाहिरातींच्या उत्पन्नातला मोबाइलचा वाटा २३ टक्के होता. आणखी एका वर्षाने तो ५३ टक्के झाला.

ही जागा विकली जाते कशी? आपण एखादे ॲप उघडतो आणि पडद्याचा खालचा पट्टा भरण्यापूर्वी, सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्शात, त्या पट्ट्याचा लिलाव होतो. समजा, तीन संगणकांनी हजार दर्शनांमागे ४०, ५५ आणि ७० रुपये अशा बोली लावल्या. पुष्कळ वर्षे अशी रीत होती की ७० वाला जिंकणार, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके, म्हणजे ५५ च्या आसपास देणार. असे केल्याने प्रत्येकाला आपल्या मनातली खरी किंमत बोलणे फायद्याचे ठरते, हे विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली दाखवून दिले होते. १९९६ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ११वी-१२वीच्या वर्गात बंद पाकिटे वाटून हा लिलाव अवश्य करून पाहावा. (गूगलने आपल्या मुख्य जाहिरात बाजारात २०१९ साली ही पद्धत सोडली आणि जो बोलेल त्याने तेवढेच द्यावे, असे ठरवले.)

पण एकच पट्टा एकाला ४० चा आणि दुसऱ्याला ७० चा का वाटावा? पट्टा पाहणारा माणूस कोण आहे, याची माहिती दुसऱ्याकडे अधिक असते म्हणून. येथपर्यंत जाहिरात आपल्याला शोधत होती. आता ती आपल्याला ओळखू लागली. ओळखण्यासाठी नाव लागत नाही. आयफोनवर प्रत्येक फोनला ४० चिन्हांचा, म्हणजे १६० बिटांचा एक कायमचा क्रमांक असे. २ चा ३३ वा घात सुमारे ८५९ कोटी होतो. म्हणजे पृथ्वीवरील प्रत्येक माणसाला वेगळा क्रमांक द्यायला ३३ बिट पुरे झाले असते. डिसेंबर २०१० मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने १०१ लोकप्रिय ॲप तपासले. त्यांतील ५६ ॲप हा फोनचा क्रमांक मालकाला न सांगता बाहेर पाठवत होते आणि ४७ ॲप त्याचे ठिकाणही कळवत होते. यानंतर ॲपलने २०१२ साली पुसून बदलता येईल असा वेगळा जाहिरात-क्रमांक आणला. अँड्रॉइडनेही पुढे तेच केले.

राउटरची चुगली

आता ज्या प्रकरणासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. त्यातले विज्ञान विद्यार्थ्यांना सहज समजण्याजोगे आहे, आणि कंपनी आपल्या देशातली आहे.

नवीन तिवारी व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००७ साली 'एमखोज' नावाचा उद्योग सुरू केला. एसएमएसने प्रश्न पाठवा आणि जवळपासची माहिती मिळवा, अशी ती सेवा. आरंभीचे भांडवल मुंबईतील खासगी गुंतवणूकदारांनी दिले होते. ती चालली नाही. तेव्हा मोबाइल जाहिरातींकडे वळून कंपनीने 'इनमोबी' असे नाव घेतले आणि बंगलोरहून जगभर हातपाय पसरले. २०११ साली जपानच्या सॉफ्टबँकेने तिच्यात २० कोटी डॉलर गुंतवले. भारतीय अभियंत्यांनी गूगलसमोर उभे राहून हे करून दाखवले, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या कंपनीवरील कारवाई जाहीर केली. तिचे स्वरूप असे. प्रत्येक वाय-फाय राउटर आपला ४८ बिटांचा क्रमांक सतत हवेत पुकारत असतो. तो ऐकायला पासवर्ड लागत नाही. समजा, राउटर क्रमांक 'क' शेजारच्या जोशीकाकूंच्या घरी आहे. जोशीकाकूंनी एका ॲपला आपले ठिकाण कळवण्याची परवानगी दिली. ॲपने उपग्रहांवरून मिळालेले अक्षांश-रेखांश आणि 'क'चा क्रमांक या दोन्ही गोष्टी कंपनीला कळवल्या. अशा लाखो नोंदींवरून कोणता राउटर कुठे आहे याचा नकाशा तयार झाला. आता तुम्ही तेच ॲप घेतले आणि ठिकाण कळवायला स्वच्छ नकार दिला. हरकत नाही! तुमच्या फोनला 'क'ची हाक ऐकू येते एवढे कळले की तुम्ही कुठे आहात तेही कळले. नकार तुमचा, पण परवानगी जोशीकाकूंची. जगभरातल्या कोट्यवधी लोकांचे ठिकाण अशा रीतीने, त्यांनी नकार दिला असतानाही, नोंदवले गेल्याचे आयोगाने म्हटले. मुलांसाठी म्हणून बनवलेल्या हजारो ॲपमधूनही ही माहिती गेली होती. ४० लाख डॉलरचा दंड ठरला. कंपनीची आर्थिक स्थिती पाहून प्रत्यक्षात साडेनऊ लाख डॉलर घेण्यात आले. वाय-फायच्या याद्या वाचण्यासाठी ॲपला ठिकाणाची परवानगी असलीच पाहिजे, अशी अट अँड्रॉइडने २०१५ च्या आवृत्तीत घातली, तेव्हा ही फट बरीचशी बुजली.

मला यात अस्वस्थ करते ते एवढेच की कोणीही काही फोडले नव्हते, कुलूप तोडले नव्हते. हवेतला क्रमांक ऐकणे हा गुन्हा कसा, असे एखादा हुशार विद्यार्थी विचारेल, आणि त्याला उत्तर देणे सोपे नाही. 

२६ एप्रिल २०२१ पासून ॲपलने आपल्या फोनवर एक प्रश्न विचारायला सुरुवात केली : या ॲपला इतरत्रही तुमचा माग काढू द्यायचा का? पूर्वी ही गोष्ट बंद करण्याची सोय आत कुठेतरी खोल दडलेली असे. ती शोधायला फारसे कोणी जात नसे. आता तोंडावर विचारल्यावर पुष्कळांनी नाही म्हटले. फेसबुकने (आता तिचे नाव मेटा) २०२२ साली या एका प्रश्नापायी वर्षभरात सुमारे हजार कोटी डॉलरचे उत्पन्न बुडेल, असा अंदाज दिला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या भागाची किंमत २६ टक्क्यांनी घसरली. ग्राहकांना काय वाटते, याची याहून स्पष्ट मोजणी मला ठाऊक नाही. अर्थात ॲपललाही साधुसंत समजू नये. ॲपच्या दुकानातल्या तिच्या स्वतःच्या जाहिराती २०१६ पासून चालूच आहेत आणि स्वतःला एक नियम व इतरांना दुसरा, असा ठपका ठेवून फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने मार्च २०२५ मध्ये तिला १५ कोटी युरो दंड केला.

आपल्याकडे २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास बंदी घातली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करायच्या आहेत. शिक्षकांचा याच्याशी थेट संबंध येतो. गृहपाठासाठी, पाढ्यांसाठी, चित्रे रंगवण्यासाठी मोफत ॲप घ्या, असे पालकांच्या गटावर आपणच सुचवत असतो. त्यात खाली पट्टा आहे का आणि ते ठिकाणाची परवानगी कशाला मागते, एवढे सुचवण्याआधी पाहता येईल. पाढे म्हणायला अक्षांश-रेखांश लागत नाहीत.

एसएमएसची कथा अर्धवट राहिली. ट्रायने २०१८ साली नियम पुन्हा बदलले. प्रत्येक पाठवणाऱ्याने आपले नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवायचा. जुळला तरच संदेश पुढे जाणार. ८ मार्च २०२१ रोजी ही गाळणी प्रत्यक्षात चालू केली तेव्हा बँकांचे सांकेतिक क्रमांकच तिच्यात अडकले, देशभर व्यवहार खोळंबले आणि गाळणी आठवडाभर बाजूला ठेवावी लागली. उपद्रव आणि उपयोग एकाच नळातून येत असले की असे होते. मे २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाला शेपूट जोडलेले असते : पी म्हणजे प्रचार, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे शासन. नावाच्या आधीच्या दोन अक्षरांपैकी पहिले दूरसंचार कंपनीचे आणि दुसरे विभागाचे. विद्यार्थ्यांना घरच्या फोनमधले आठवड्याचे संदेश या शेपटांप्रमाणे मोजून स्तंभालेख काढायला सांगावे. मजकूर वाचायची गरज नाही.

साध्या दहा आकडी क्रमांकावरून येणारे फोन या शेपटांच्या बाहेरच राहतात. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने अशा बिननोंदणीच्या जाहिरातदारांच्या जोडण्या तोडून त्यांना दोन वर्षे काळ्या यादीत टाकण्याचा आदेश दिला. माझे वडील त्या आजारातून बरे झाले. त्यांचा क्रमांक मी १९०९ वर नोंदवला आहे आणि अनोळखी फोन घेऊ नका, असे त्यांना दर आठवड्याला सांगतो. ते घेतातच. "अरे, कोणाकडे काही झालेले असायचे," असे म्हणतात, आणि कर्जवाल्या मुलीला तिचे गाव विचारतात.